लपण्याची क्रियापदं

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या बस स्टँडमागं, एका मोबाइलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर मी इंग्रजी शिकवते. पोलीस, रेल्वे, बँक, पटवारी अशा परीक्षांची तयारी करणारी पोरं-पोरी तिथं येतात. कोणी लांजीहून बसनं येतं, कोणी वारासिवनीहून मोटरसायकलवर. त्यांना चार पर्यायांतला बरोबर कोणता एवढंच हवं असतं, आणि मीही तेवढंच शिकवते.

एका वर्षी क्लासच्या सरांनी आम्हा शिकवणाऱ्यांमध्ये क्रियापदांचे गट वाटून दिले. चालण्याची क्रियापदं एकाला, बघण्याची दुसऱ्याला. मी त्या दिवशी उशिरा पोचले, त्यामुळे कोणी न घेतलेला गट माझ्याकडे आला. लपूनछपून जाण्याची आणि दडून राहण्याची क्रियापदं. स्नीक, क्रीप, टिपटो, स्लिंक, प्राउल, लर्क, स्कल्क, लाय लो, अब्स्कॉन्ड. घरी येऊन मोबाइलवर अर्थ बघितले, तर सगळ्यांचा अर्थ फिरून फिरून एकच. चोरून जाणे, लपणे. हिंदीतही तेच, चुपके से जाना, छिपना. एवढ्यावर तासभर काय शिकवायचं मला कळेना. मग मी चहाचे दोन कप घेतले आणि मागच्या खोलीत गेले. तिथं माझा भाऊ राहत होता.

हे थोडं मागं जाऊन सांगावं लागेल.

भाऊ माझ्याहून तीन वर्षांनी लहान. आमच्या घरात सगळ्यांत हुशार तोच. आमचे आजोबा भंडाऱ्याकडून मॅंगनीजच्या खाणीत मजुरीला आले होते, बाबा त्याच खाणीत फिटर म्हणून निवृत्त झाले. शिकाल तर माणूस व्हाल, हे आमच्या बौद्ध वस्तीत कोणाला वेगळं सांगावं लागत नाही. भाऊ शिकला. बी.एस्सी. झाल्यावर बाबांनी त्याला इंदूरला कोचिंगला पाठवलं. मोठ्या परीक्षा. काही वर्षं तो तिथं राहिला. कधी पहिली पायरी पार व्हायची, दुसरी राहून जायची. लॉकडाऊन लागलं तेव्हा तो घरी आला. त्या काळात परीक्षा पुढं ढकलल्या गेल्या, मग एक रद्द झाली, मग वयाची मर्यादा संपली. इंदूरला परत जायला काही कारणच उरलं नाही. तो मागच्या खोलीत राहू लागला, एवढंच. त्या वेळी तो लपत नव्हता. फक्त फारसा बाहेर पडत नव्हता.

लपणं सुरू झालं ते माझ्यामुळं, म्हणजे मला बघायला पाहुणे आले त्या दिवशी. पाहुणे तुमसरचे होते. शेजारच्या हिंदी बोलणाऱ्या काकी आईला पोहे करू लागायला आल्या होत्या. भावाला कोणी आत बस असं म्हटलं नव्हतं, त्याचा तोच आत बसला होता. मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, "मुलगा काय करते तुमचा?"

बाबा काही बोलायच्या आत आई म्हणाली, "इंदूरले आहे. कंपनीत."

बाबांनी मान खाली घातली. काकी हातात पोह्यांची बशी घेऊन दारात उभ्या होत्या, त्यांनी ते ऐकलं. पाहुणे गेल्यावर भाऊ बाहेर आला आणि हसत म्हणाला, "आई, कंपनीचं नावबी सांगून द्यायचं होतं."

"तोंडातून निघून गेलं रे," आई म्हणाली. "पोरीचं जमून जाऊ दे. मंग सांगू, सोडली म्हून."

माझं जमलं नाही. मुलीचं वय जास्त आहे असा निरोप आला. पण तोवर आमच्या वॉर्डात ही बातमी फिरली होती की यांच्या मुलाला इंदूरला नोकरी लागली. किराणा दुकानदारानं बाबांना रस्त्यात थांबवून अभिनंदन केलं. बाबा 'हौ' म्हणाले आणि घरी येऊन बराच वेळ अंगणात बसून राहिले. दुसऱ्या दिवशी दूधवाला आला तेव्हा भाऊ समोरच्या खोलीत पेपर वाचत होता. आईनं त्याला डोळ्यांनीच आत जायला खुणावलं. तो उठला आणि गेला. त्या दिवसापासून तो आमच्या घरात नव्हता.

एक माणूस घरात नाही असं दाखवायचं तर किती गोष्टी सांभाळाव्या लागतात, हे मला तेव्हा कळलं. त्याच्या चपला समोर ठेवायच्या नाहीत. त्याचे कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत. आमचं न्हाणीघर आणि संडास मागच्या अंगणात, आणि शेजारच्या काकींच्या गच्चीवरून ते अंगण दिसतं. त्यामुळे गच्चीवर कोणी नाही हे आई आधी बघायची, मग त्याच्या दारावर नखानं टकटक करायची. गॅसवाला आला की तो श्वास धरून बसायचा. खोकला आला तर उशीत तोंड खुपसायचा. आईनं त्याला यातलं काही शिकवलं नाही. त्याचं तोच शिकत गेला.

वर्षातून दोन महिने मात्र त्याचे होते. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये इतकं ऊन तापतं की बाई असो का माणूस, सगळे तोंडाला दुपट्टा बांधून फिरतात, फक्त डोळे उघडे. भर दुपारी गल्लीत कुत्रंही नसायचं. तेव्हा तो पांढरा दुपट्टा गुंडाळून मागच्या दारानं निघायचा, वैनगंगेच्या घाटापर्यंत चालत जायचा आणि घामानं ओला होऊन परत यायचा. लू लागेल म्हणून आई कांद्याचा रस काढून ठेवायची. पहिला पाऊस पडला की लोक दुपट्टे सोडायचे आणि तो परत खोलीत.

तर मी चहा घेऊन गेले आणि त्याला शब्द दाखवले. दोन-तीन दिवसांपासून तो कोणाशी बोलला नव्हता. त्यानं मोबाइल हातात घेतला, सगळे शब्द वाचले आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. फार दिवसांनी आलं.

"ताई, हे सगळे एकच नाही आहेत," तो म्हणाला. "तुले अर्थ नको पाहू. हा माणूस काहून लपते, ते पाह्य."

"म्हंजे?"

"थांब, करून दाखवतो."

तो खाटेवरून उठला. आधी टाचा उचलून बोटांवर चालून दाखवलं. "हे टिपटो. यात वाईट काही नाही. लेकरू झोपलं आहे, त्याले उठवायचं नाही, म्हून." मग गुडघे वाकवून, अंग खाली घेऊन हळूहळू सरकला. "हे क्रीप. अंग जमिनीले लागून. मांजर उंदरामागं जाते तसं." मग सरळ उभा राहिला, इकडेतिकडे बघितलं आणि दाराकडे पटकन सटकला. "हे स्नीक. आपल्याले कोणी पाहू नये आन् आपलं काम होऊन जावं. शाळेतून मधातच पळून येत होतो ना आपण, ते." मग त्यानं खांदे पाडले, भुवया चढवल्या आणि खोलीत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत शिकार शोधत असल्यासारखा फिरला. "हे प्राउल. आपल्या इकडचा वाघ."

मला हसू फुटलं. समोरच्या खोलीत काकी आईपाशी बसल्या होत्या, त्यामुळे आवाज काढता येत नव्हता. मी पदर तोंडात धरला. तोही हसत होता, पोट धरून, आवाज न करता. आम्ही दोघं तसेच खाटेवर बसून हललो. माझ्या भावाला हसताना बघितल्याचं मला शेवटचं आठवतं ते हेच.

मग मी विचारलं, "स्लिंक?"

त्याचं हसू थांबलं. "त्यात लाज आहे. मार खाल्लेलं कुत्रं कसं शेपूट घालून जाते? ते स्लिंक. कोणी त्याच्या मागं लागलं नसते, तरी ते तसंच जाते."

"आन् लर्क?"

"दबा धरून बसणं. कोणाची तरी वाट पाहून राह्यला आहे तो, काहीतरी करणार आहे. स्कल्क म्हंजे काही करायचं नाही, फक्त कामापासून, लोकायपासून तोंड चुकवायचं. भित्रा माणूस." त्यानं शब्दावरून बोट पुढं सरकवलं. "लाय लो यातला सगळ्यात बरा. त्यात पुढं उठायचं असते. काही दिवस दडून राहा, गोंधळ मिटला की उठा. उठायचं नसन तर तो शब्द नाही वापरता येत."

त्यानं चहा संपवला आणि म्हणाला, "अब्स्कॉन्ड तुह्या पोरायले माहीतच असन. पेपरमध्ये रोज येते. फरार."

मी तो तास अगदी त्यानं सांगितलं तसा घेतला. शब्दाचा अर्थ सांगायचा नाही, माणूस का लपतो ते सांगायचं. वर्गात मी टाचा उचलून चालले, कुत्र्यासारखी खांदे पाडून चालले. पोरं खूश झाली. सर दाराबाहेर उभे राहून ऐकत होते. तास सुटल्यावर म्हणाले, "मैडम, बहुत बढ़िया. ये आपने खुद सोचा?"

माझ्या तोंडून निघालं, "मेरे भाई ने."

"वो इंदौरवाला? अरे, ऐसा आदमी तो हमको चाहिए. छुट्टी में आए तो मिलाओ."

त्या दिवशी मी घरी जवळजवळ धावत आले. वाटेत मी सगळं ठरवून टाकलं होतं. नोकरी सोडून आला असं सांगायचं. आठवड्याभरात लोकांचं बोलून होईल. तो शिकवायला लागला की मुलांची रांग लागेल. बाबांना मी अंगणातच सांगितलं, तर ते उठून उभे राहिले. म्हणाले, "हे बरं होईन. लई बरं होईन." आई मात्र भाजी चिरता चिरता थांबली.

"लोक काय म्हणतीन? चांगली नोकरी कोणी सोडते? काढून टाकलं म्हणतीन. चोरी केली म्हणतीन."

"म्हणू दे ना आई. किती दिवस म्हणतीन?"

"तुह्या लग्नाचं अजून जमायचं आहे," आई म्हणाली.

बाबा पहिल्यांदा तिच्यावर ओरडले. मग हळू आवाजात ओरडले, कारण भिंतीपलीकडं लोक होते. शेवटी आई म्हणाली, "त्यालेच विचारा. तो जातो म्हणन तर मी नाही अडवत."

आम्ही तिघं मागच्या खोलीत गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. बाबा त्याच्या खाटेवर बसले होते, त्याच्या पाठीवर हात ठेवून.

"बाबा, इंग्रजी मी शिकवीन," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी पहिलं पोरगं उठून काय विचारन माहीत आहे? सर, आपका सिलेक्शन किसमें हुआ? मंग मी काय सांगू?"

"सांग ना, नाही झालं म्हून. लई लोकायचं नाही होत."

"ज्याचं नाही झालं त्याच्यापाशी कोण शिकते, बाबा?"

बाबांनी त्याच्या पाठीवरचा हात काढून घेतला. माझंही सिलेक्शन कुठं झालं नव्हतं आणि मला पोरं रोज हेच विचारत होती. फरक एवढाच की माझ्याकडून घरात कोणी कशाची अपेक्षा केली नव्हती, त्यामुळे मला नाही म्हणता येत होतं. मी सरांना सांगितलं की त्याला सुट्टी मिळत नाही. त्यानंतर बाबांनी तो विषय काढला नाही. ते मागच्या खोलीत जाऊन बसत, दोघं मोबाइलवर क्रिकेट बघत, आवाज बंद करून.

बाबा गेले ते हिवाळ्यात, सकाळी. मागच्या अंगणात चुलीवर आंघोळीचं पाणी ठेवत होते. मी आत केस विंचरत होते. तेवढ्यात भावाचा आवाज आला, "बाबा! बाबा!" इतका मोठा आवाज मी त्याचा किती वर्षांनी ऐकला. धावत गेले तर बाबा खाली पडलेले, आणि तो बाबांचं डोकं मांडीवर घेऊन त्यांचे तळवे चोळत होता. खिडकीतून त्यानं त्यांना पडताना बघितलं होतं. बाबांचे डोळे उघडे होते, त्याच्याकडंच बघत होते. काही म्हणायचं होतं की नुसते उघडे होते, मला सांगता येणार नाही.

आवाज ऐकून शेजारचे लोक समोरच्या फाटकाशी आले. कोणी फाटक वाजवलं, "क्या हुआ?" आई दारात उभी होती. तिनं फाटकाकडं बघितलं, मग भावाकडं बघितलं आणि म्हणाली, "तू आत जा."

"आई..."

"आत जा म्हणते ना."

त्यानं बाबांचं डोकं उचललं, माझ्या मांडीवर ठेवलं आणि उठून आत गेला. कडी लावल्याचा आवाज मी ऐकला. मी आईला दोष देत नाही. तिला त्या वेळी काही समजत नव्हतं. रोज सकाळ-संध्याकाळ तोंडात बसलेलं वाक्य होतं ते, तेच निघालं.

शेजारच्यांच्या गाडीत बाबांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि आधीच गेले म्हणून सांगितलं. आम्ही त्यांना घरी आणलं. दुपारपर्यंत लांजीहून आत्या आली, कटंगीहून मामा आले. आणि जो येई तो पहिलं हेच विचारी, "पोराले फोन केला का?"

"हौ," आई म्हणत होती. "निघाला आहे."

इंदूर काही जवळ नाही. मामांनी हिशेब केला की रात्रभर प्रवास करून तो सकाळी पोचेल. एकुलता एक मुलगा, बापाचं तोंड बघितल्याशिवाय कसं न्यायचं? बर्फाच्या लाद्या मागवल्या. सगळ्यांनी ठरवलं की सकाळपर्यंत थांबायचं. बाबा समोरच्या खोलीत बर्फावर होते, आणि ज्याच्यासाठी ते थांबले होते तो एका भिंतीपलीकडं, आतून कडी लावून.

आत्या रडून रडून थकली आणि तिला अंगावर घ्यायला काही हवं होतं. "मागच्या खोलीत रजया असतीन," म्हणत ती उठली. मी पुढं होऊन सांगितलं, त्या खोलीची किल्ली बाबांकडंच असायची, आता सापडत नाही. ती बिचारी परत बसली. मला त्या क्षणी कळलं की आता त्याला तिथून निघावंच लागेल.

दुपारी मंडपवाला आला आणि मंडळी समोर गोळा झाली, तेव्हा मी मागच्या बाजूनं त्याच्या खिडकीशी गेले. तो जमिनीवर बसला होता, कान भिंतीला लावून.

"ताई, मले बाबाले पाहू दे."

"सकाळी," मी म्हणाले. "सकाळी समोरून ये. बॅग घेऊन ये."

त्याला कळायला वेळ लागला नाही. त्यानं इंदूरची जुनी बॅग काढली. ती रिकामी दिसू नये म्हणून दोन चादरी आत कोंबल्या. त्यानं कानटोपी घातली, मफलर गुंडाळला. मागचं दार हळूच उघडलं, अंगणातून वाकून गेला आणि मागच्या भिंतीवरून नालीच्या गल्लीत उतरला. मी बॅग वरून दिली. वर काकींच्या गच्चीकडं बघायचं मला त्या दिवशी सुचलं नाही.

सकाळी ऑटो आला. मामा फाटकाबाहेर उभेच होते. त्यांनी त्याला मिठीत घेतलं आणि दोघं रडले. आत आल्यावर तो बाबांच्या पायांवर पडला आणि असा रडला की आत्या त्याला धरायला उठली. त्या रडण्यात खोटं काही नव्हतं. काकींनी त्याच्या खांद्यावरची बॅग काढून घेतली. एवढी हलकी बॅग हातात येताच त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग किल्लीचं काही न विचारता ती मागच्या खोलीत नेऊन ठेवली आणि त्याला म्हणाल्या, "बेटा, मुँह धो ले." कोणीतरी विचारलं, रस्त्यात त्रास तर नाही झाला? तो म्हणाला, "बस लेट झाली." रात्र त्यानं रेल्वे स्टेशनच्या बाकावर काढली होती, हे त्यानं मला नंतर सांगितलं.

वंदना झाली. मोक्षधामावर त्यानं अग्नी दिला. पुढचे काही दिवस तो घरात उघड्यानं फिरला. अंगणात उभा राहिला, समोरच्या खोलीत लोकांमध्ये बसला, दूधवाल्याकडून दूध घेतलं. लोक त्याला इंदूरबद्दल विचारत. कंपनी कशाची? राहायला कुठं? तो सांगे. त्यानं वर्षं काढलेलं शहर होतं, त्यामुळे गल्ल्यांची नावं त्याला येत होती. बाप गेल्यामुळे माझा भाऊ घरात आला होता.

त्यात एकदा काकी आणि मी दोघीच भांडी आवरत होतो. त्या खाली बघून म्हणाल्या, "बेटी, हमको तो कब से पता है. ठंड में उसकी खाँसी हमारी छत तक आती है. पूरी गली को पता है."

मी विचारलं, "फिर किसी ने कुछ कहा क्यों नहीं?"

"क्या कहते? तुम लोग इतना संभालकर चलते थे."

मी हे आईला सांगितलं. मला वाटलं होतं, आता तरी हे संपेल. सगळ्यांना माहीत आहे तर कोणापासून लपायचं? आईनं सगळं ऐकलं, पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली.

"त्यायले माहीत असन," ती म्हणाली. "पण आपण तर नाही ना सांगलं."

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, म्हणजे बाबांच्या दिवसांचा शेवटचा विधी, झाला. पाहुणे निघाले. मामा भावाला म्हणाले, "तुहीबी सुटी संपली असन. चाल, तुले बसवून देतो, मंग मी कटंगीची गाडी पकडतो." नाही म्हणायला जागा नव्हती. त्यानं बॅग घेतली. मीही स्टँडवर गेले. मामांनी त्याला सिवनीकडच्या बसमध्ये खिडकीपाशी बसवलं, पाण्याची बाटली दिली. बस हलली. त्यानं खिडकीतून हात केला.

आणि त्या वेळी मला पहिल्यांदा वाटलं, याला आता खरंच जाऊ दे. सिवनीला उतरून पुढची गाडी पकडू दे. इंदूरला जाऊन कुठं दुकानात, गोदामात, काहीही काम करू दे. आईनं जे सांगितलं ते होऊन जाऊ दे. मी तिथून सरळ क्लासवर गेले, तास घेतला, आणि दर थोड्या वेळानं मोबाइल बघत होते. जितका वेळ मेसेज येत नव्हता तितकी माझी आशा वाढत होती.

दुपारी मेसेज आला. "ताई, लालबर्राले उतरलो. आत्या गेली का?"

मी लिहिलं, गेली. आणखी काही लिहायला बोट उचललं होतं. लिहिलं नाही. तो तासाभराच्या रस्त्यावरून परत येत होता, आणि येऊ नको म्हणायला माझ्याजवळ दुसरी जागा नव्हती त्याला द्यायला. संध्याकाळच्या आत तो नालीच्या गल्लीतून आला. आईनं ताट वाढून ठेवलं होतं. "जेवून घे," ती म्हणाली. त्यानं हात धुतले, जेवला, आणि मागच्या खोलीत जाऊन कडी लावली.

तेव्हापासून उन्हाळाही त्याचा राहिला नाही. मे महिन्यात आईनं दुपट्टा धुऊन त्याच्या खाटेवर ठेवला होता, तो तसाच राहिला. आता गच्चीवर कोणी नाही असं सांगितलं तरी तो लगेच बाहेर येत नाही. क्लासमध्ये तो धडा दर बॅचला येतो. पोरं हसतात, मी टाचा उचलून चालते. एकदा नवीन शब्द आला, तो त्याला विचारायला गेले. दाराआडून म्हणाला, "गूगल कर ना, ताई." त्याच्यासाठी स्थळंही येतात. इंदूरला नोकरीला आहे, घरी आई आणि बहीण, एवढं लोकांना पुरतं. आई म्हणते, एवढ्यात नाही करायचं म्हणतो तो.

बाबांना वर्ष झालं तेव्हा आत्या आणि मामा येणार होते. आदल्या दिवशी आई त्याच्या दाराशी गेली.

"उद्या काय सांगू? येते म्हणू, का नाही म्हणू?"

आत खाट करकरली. मग तो म्हणाला, "सुटी नाही मिळाली म्हून सांग."

"हौ," आई म्हणाली.

सकाळी मंडळी आली. बाबांच्या फोटोला हार घातला, मेणबत्ती लावली, वंदना झाली. सगळे ओळीनं म्हणत होते. मामांनी दोनदा विचारलं, पोरगं नाही आलं? आईनं दोनदा तेच सांगितलं. पाहुणे जेवून गेल्यावर मी खिरीची वाटी आत नेऊन दिली. त्यानं खाल्ली, वाटी परत दिली, आणि दार लावून घेतलं.